गोळ्यांच्या पाकिटांचा कंबरपट्टा

अनुपमा कांदळगावकर नेमकी कोण होती, असं कुणी विचारलं तर भाऊ साटमांना धड चार वाक्यं सांगता आली नसती. ती तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायची. घाटकोपरला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चाळिशी उलटलेली असावी. लग्न झालं होतं का, मोडलं होतं का, गावाला कुणी होतं का, हे भाऊंनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. भाऊंचा स्वभावच असा, की लिफ्टमध्ये दुसरं कुणी शिरलं तर ते मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहायचे. अशा माणसाने दुसऱ्याबद्दल काय सांगावं? पण एक आठवडा त्यांनी अनुपमाला जवळून पाहिलं होतं. तेवढ्या आठवड्याबद्दल मात्र कुणी न विचारताही बोलायला ते तयार असत.

त्याआधी ती त्यांना माहीत होती ती कपड्यांमुळे. मुलुंडची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, तरी माणसं तीच होती, मालवण-कुडाळकडची, आणि कोण काय नेसून खाली उतरलं यावर त्यांचं बारीक लक्ष असे. अनुपमा एकदा सुती साडीवर कुणाच्या तरी लग्नातली जुनी शेरवानी, बाह्या कापून, जाकिटासारखी घालून उतरली होती. कानात पितळी दातांची गोल गोल वेटोळी.

"हिच्या कानात पँटीची चेन आहे काय हो?" भाऊंच्या बायकोने, माणिकवहिनींनी, गॅलरीतून विचारलं होतं.

होती चेनच.

पुढे एकदा भाऊ कुकरची जुनी रिंग कचऱ्याच्या डब्यात टाकत असताना मागून आवाज आला, "भाऊ, हे टाकताय?"

"हो."

"मग मला द्या."

भाऊंनी दिली आणि दार लावून घेतलं. आठ-दहा दिवसांनी अनुपमा जिन्यात भेटली तेव्हा तिच्या गळ्यात जाडजूड हसळी होती, जांभळ्या काठाची पट्टी घट्ट गुंडाळलेली, मधूनमधून सोनेरी टिचबटणं.

"ओळखलीत?" तिने विचारलं. "तुमच्या कुकरची रिंग. आता शिट्टी कधी टाकताय?"

भाऊ लाजले. त्यांनी "छान आहे" एवढंच म्हटलं, आणि घरी येऊन आपण नीट बोललो का याचा विचार करत बसले.

त्या वर्षी टॉवरमधल्या मंडळींनी पुन्हा दशावतार करायचं ठरवलं. चाळ असताना सत्यनारायणाच्या पूजेला दरवर्षी घरच्याच लोकांचा दशावतार व्हायचा. इमारतीचं काम निघालं, लोक भाड्याच्या घरांत पांगले आणि खेळ बंद पडला. आता हॉल होता, स्टेज होतं, शनिवारी संध्याकाळी सातची वेळही ठरली. दशावतारात लिहिलेली संवादवही नसते. कथा ठरते, बाकी ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचं. आणि ज्याने त्याने आपला साज आपणच सांभाळायचा. राजाचा मुकुट राजाच्या घरी, राणीचा शालू राणीच्या घरी.

राणीचं घर म्हणजे भाऊंचं घर. कुणाला खरं वाटणार नाही, पण हाच बुजरा माणूस तरुणपणी राणी व्हायचा. एरवी बसच्या कंडक्टरकडे सुटे मागायची ज्याला चोरी, तो नऊवारी नेसून उभा राहिला की राजाला भर दरबारात जाब विचारायचा. त्यांच्यानंतर राणी झाला त्यांचा भाचा नितेश. साज मात्र भाऊंकडेच राहिला. हिरवा जरीचा शालू, चोळी, गंगावन आणि डब्यातले दागिने, सगळं एका जुन्या चादरीत बांधलेलं. माणिकवहिनी दरवर्षी ते गाठोडं सोडून ऊन दाखवायच्या आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बांधून ठेवायच्या.

आधीच्या रविवारी दुपारी नितेश साज अंगावर घालून बघायला आला. वहिनी आत झोपल्या होत्या. भाऊंनी माळ्यावरून गाठोडं काढलं, गाठ सोडली आणि आतून निघाल्या त्यांच्या स्वतःच्या दोन जुन्या पँटी, वहिनींचे विटके गाऊन आणि एक उशीचा अभ्रा.

भाऊ त्या अभ्र्याकडे बघतच राहिले. मग त्यांची नजर ओट्यावर गेली. तिथे चकचकीत, झाकणाचा, जाड पत्र्याचा स्टीलचा डबा होता. गुरुवारी बोहारीण आली होती. जुन्या कपड्यांवर भांडं देणारी ती बाई गेल्यावर वहिनी दिवसभर खुशीत होत्या. "कसली वाजवून घेतली बघा! नुसत्या जुनेऱ्यावर एवढा जाड डबा! वर दोन वाट्या!"

दोन्ही गाठोडी एकाच जोडीतल्या चादरींत बांधलेली होती.

"मामा, शालू कुठाय?" नितेशने विचारलं.

"श्श! इस्त्रीला दिलाय," भाऊ म्हणाले. आयुष्यात इतक्या चपळाईने ते कधी खोटं बोलले नव्हते.

कारण प्रश्न शालूचा नव्हताच. मोठं ऑपरेशन झाल्यापासून वहिनींनी एक धास्ती घेतली होती. दुधाचं भांडं एकदा करपलं, तर दोन दिवस रडल्या. किल्ली सापडेना तर म्हणाल्या, "माझं डोकं गेलं हो. आता एक दिवस मी तुम्हालाही विसरेन." डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही झालेलं नाही, या वयात एवढं चालायचंच. पण वहिनींना ते पटत नव्हतं. चाळीस वर्षं जपलेला राणीचा साज आपण आपल्या हाताने बोहारणीला दिला, हे कळलं असतं तर त्या खचल्या असत्या. ते कळू द्यायचं नाही, एवढंच भाऊंच्या डोक्यात होतं.

नितेशला वाटेला लावून ते जिन्यात येऊन बसले. तेवढ्यात दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अनुपमा वर आली. लिफ्ट बंद होती.

"काय झालं भाऊ? चेहरा का असा?"

भाऊ "काही नाही" म्हणणार होते. पण त्यांनी सगळं सांगितलं. का सांगितलं, ते त्यांनाही कळलं नाही.

अनुपमाने पिशव्या पायरीवर ठेवल्या. तिचे डोळे असे चमकले, की भाऊंना क्षणभर रागच आला.

"कुठली बोहारीण? नाकात दोन्ही बाजूंना चमकी? डोक्यावर निळी टोपली?"

"असेल. मी बघत नाही कुणाकडे."

"जमनाबेन! रविवारी ती पुलाखाली कपडे निवडायला बसते. उठा भाऊ. चपला घाला."

"आत्ता?"

"नाही, दशावतार झाल्यावर! उठा हो!"

घाटकोपरला पुलाखाली जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, पँटी एकीकडे, परकर एकीकडे, लहान मुलांचे कपडे एकीकडे. ढिगाऱ्यामागे जमनाबेन पाय पसरून बसली होती. अनुपमाला बघताच ती हसली. "आ गयी मेरी भंगारवाली महारानी!"

"राणीचंच काम आहे जमनाबेन. गुरुवारी मुलुंडहून हिरवी जरीची साडी आणलीस. कुठाय?"

"हरी साडी? वो तो गयी. उसी दिन जरीवाला ले गया. अब तक तो जला के चांदी भी निकाल ली होगी."

"आणि दागिन्यांचा डबा?"

"वो पतरा? भंगार में." मग भाऊंचा चेहरा बघून तिने जरा मऊ आवाजात पुढे म्हटलं, "एक चीज है, काका. वो कोई नहीं लेता." आणि मागे हात घालून तिने काढलं ते राणीचं गंगावन, काळंभोर, अंबाड्यासकट, धूळ खात पडलेलं.

भाऊंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. हे तरी आहे. पण नुसत्या अंबाड्यावर राणी कशी उभी राहणार?

तोवर अनुपमा ढिगात कोपरापर्यंत शिरली होती. "भाऊ! हे बघा!" एक मरून रंगाचा पडदा, भारी कापडाचा, खाली सोनेरी वेलबुट्टी. "भाऊ, हे!" कुणा नवरदेवाचा मोतिया किनखापी कोट, एक खिसा फाटलेला. "आणि हे, हे बघा ना!" लाल ओढणी, तिच्या कडेला सगळ्या टिकल्या शाबूत. तिचा आवाज एवढा चढला होता की जाणारे-येणारे थांबून बघत होते. एरवी भाऊ लाजून दुसऱ्या फुटपाथवर गेले असते. आज त्यांनीच ओढणीचं दुसरं टोक धरलं.

घासाघीस न करता अनुपमाने आपल्या कानातली वेटोळी काढून जमनाबेनच्या हातावर ठेवली. "तुझ्या सुनेला दे. गेल्या वेळी बघत होती ती."

"अरे, हिसाब तो होने दे!"

"तो नंतर!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ पहिल्यांदा तिच्या घरात गेले. ते घर नव्हतंच, खाऊच्या बरण्यांचं दुकान होतं, फक्त बरण्यांत खाऊ नव्हता. चष्म्याच्या नव्या फ्रेमला कंपनीची नकली काच असते. खरी बसवली की ती फेकून देतात. अनुपमाकडे त्या काचा बरणी भरभरून होत्या. चेनचे पितळी दात, पडद्यांच्या कड्या, घड्याळांचे काटे, टिचबटणं, वायरमधली तांब्याची तार. आणि एका मोठ्या बरणीत गोळ्यांची रिकामी पाकिटं.

"ही कशाला?" भाऊंनी विचारलं.

तिने एक पाकीट उलटं करून दिव्याखाली धरलं. फुगीर घरांची चंदेरी रांग लखलखली. "राणीचा कंबरपट्टा. पण माझ्याकडची पुरायची नाहीत. तुमच्याकडे किती असतील?"

भाऊंकडे? भाऊंना रक्तदाबाच्या, साखरेच्या, वहिनींना थायरॉइडच्या, हाडांच्या, झोपेच्या. ते घरी जाऊन टेबलाच्या खणातून मूठभर घेऊन आले. मग शेजारच्या तावड्यांकडे गेले. वरच्या मजल्यावरच्या गावडेकाकूंकडेही गेले. ज्या माणसाने टॉवरमध्ये कधी कुणाची बेल वाजवली नव्हती, तो दारोदार फिरून रिकामी पाकिटं मागत होता. गावडेकाकू नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, भाऊंचंच डोकं फिरलं."

अनुपमाने त्यांच्या हातात कात्री दिली. "कडा गोल कापा. नितेशच्या पोटाला टोचलं तर राणी मधेच शिव्या देईल."

त्या आठवड्यात संध्याकाळ झाली की भाऊ 'मीटिंग' म्हणून बाहेर पडत. पडद्याची नऊवारी झाली. पडदा कमी पडला तिथे ओढणीचा पदर जोडला गेला. कोटाची चोळी झाली. कड्यांचे तोडे झाले. तांब्याच्या तारेची नथ वळली तेव्हा अनुपमाने तिच्यात मोत्यांऐवजी टिचबटणं ओवली. काचांमागे चॉकलेटचा लाल-हिरवा कागद चिकटवला की हिरे-माणकं तयार! एकेक नग झाला की ती खुर्चीवर उडी मारून चढे आणि भिंतीला टांगून ठेवी. तिची एकच कसोटी होती. भाऊंना पॅसेजच्या पार टोकाला उभं करायचं आणि विचारायचं, "तिथून काय दिसतं?"

"कचरा," भाऊंनी पहिल्यांदा खरं ते सांगितलं.

"छे! मग कचऱ्याने जरा आणखी लाजायला पाहिजे," असं म्हणून तिने काचांची दुसरी ओळ लावली. "आता?"

भाऊ बघत राहिले. "आता राणी."

दागिने कसे बसले पाहिजेत ते भाऊंनी सांगितलं. राणी तिसऱ्या प्रवेशात राजाच्या पायावर स्वतःला झोकून देते, तेव्हा काही निखळलं तर लोक हसतात आणि रडण्याची वाट लागते. म्हणून कंबरपट्टा चिकटवायचा नाही, शिवायचा. कसं झोकून देते, असं अनुपमाने विचारलं तेव्हा शब्दांत सांगता येईना, म्हणून चौऱ्याहत्तर वर्षांचे भाऊ उठले, पंचा खांद्यावरून घेतला, मान किंचित तिरकी केली आणि तीन पावलं चालले. तिसऱ्या पावलाला ते राणी होते. अनुपमाची कात्री हातातच राहिली. मग तिने टाळ्या पिटल्या.

"भाऊ! हे इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंत?"

भाऊ गडबडून खाली बसले. पण रात्री जेवताना त्यांना एकट्यालाच हसू येत होतं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं. "मीटिंगमध्ये एवढं हसायला काय होतं? आणि माझ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं कुठे गेली? ती बघून मी कुठली गोळी घेतली ते आठवते. मी टाकली का? मला आठवत नाही हो."

भाऊंनी पोळीचा तुकडा मोडला. "मी टाकली," ते म्हणाले.

नितेश साज बघायला आला तेव्हा दारातच थबकला. "अनुपमाताई, हे भंगार घालून मी स्टेजवर जाऊ? पब्लिक मला सोडेल काय?"

"जवळून बघू नकोस रे. बायको बघायला आलायस का? तिकडे टोकाला जा."

तो टोकाला गेला. तिथून त्याने साज वरपासून खालपर्यंत बघितला. मग तिथूनच ओरडला, "कंबरपट्टा मला खेळानंतर ठेवायला मिळेल काय?"

शनिवारी हॉल गच्च भरला. वहिनी पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून. शेजारी भाऊ. अनुपमा मागे दाराशी उभी होती. पेटीचा सूर लागला, मृदंग घुमला, गणपती झाला, संकासुराने पोरांना हसवलं. मग राजा आला, लाकडी मुकुटात. आणि मग राणी.

दिवा तिच्यावर पडला आणि हॉलच्या छतभर प्रकाशाचे ठिपके उडाले. चष्म्याच्या त्या टाकाऊ काचा, कुणाच्या डोळ्यांपर्यंत कधी न पोहोचलेल्या, आता अख्ख्या हॉलच्या डोळ्यांत चमकत होत्या. मग मागून शिट्टी आली, "झकास!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

"हो आपलो शालू न्हय," वहिनी पुटपुटल्या.

भाऊ समोर बघत राहिले. "नवीन करायचं ठरलं. मीटिंगमध्ये."

तिसऱ्या प्रवेशात राजाने राणीला वनात धाडलं. नितेशने झोकून दिलं ते असं, की पुढच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कंबरपट्टा अभंग राहिला. पण तोड्याला शोभेसाठी लावलेला एक चंदेरी तुकडा निखळला, घरंगळत स्टेजच्या कडेवरून खाली पडला आणि थेट वहिनींच्या पायाशी येऊन थांबला.

भाऊ वाकणार, तोच वहिनींनी तो उचलला, उलटा केला. मागे छापील अक्षरं होती. चष्मा वर करून त्यांनी ती वाचली.

"ही माझी रातची गोळी," त्या म्हणाल्या.

वहिनींनी तुकड्याकडे पाहिलं, मग राणीकडे, मग भाऊंच्या कात्रीने लाल झालेल्या अंगठ्याकडे, मग मागे वळून दाराशी उभ्या अनुपमाकडे. त्यांचे ओठ हलत होते, जणू मनात एकेक टाका घालत होत्या. भाऊंना वाटलं, आता रडतील.

वहिनी हसायला लागल्या. आधी पदराआड, मग खांदे हलेपर्यंत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. राणी वनात चालली होती आणि पहिल्या रांगेत वहिनी हसत होत्या. नितेशने रडता रडता एक डोळा वटारून त्यांच्याकडे पाहिलं.

"तरीच म्हणलंय," त्या भाऊंच्या कानाशी लागून म्हणाल्या, "जुनेऱ्यार इतको जाड डबो ती दितली कशी! शालू दिलंय मी तिका! आनि तुमी मीटिंगी करतास!"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटता तर. चाळीस वर्सांचो शालू तो." त्यांनी डोळे पुसले. "पन बगा, एका पाकिटावरसून सगळा वळाकलंय की नाय? म्हणजे माझा डोक्या अजून ठिकाणार आसा!"

तो तुकडा त्यांनी ब्लाऊजमध्ये खोचून ठेवला. त्या दिवसानंतर किल्ली हरवली तर त्या फक्त किल्लीला शिव्या घालत.

खेळ संपल्यावर वहिनींनी अनुपमाला धरून घरी नेलं, घावणे घातले, आणि नथ कशी वळली ते दोनदा विचारून घेतलं. भाऊ ऐकत बसले. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. हा आठवडा मला किती आवडला, असं काहीतरी. ते शब्द जुळवत राहिले आणि अनुपमा उठून गेली.

नंतर थोड्याच दिवसांत तिच्या घरमालकाने जागा मागितली, मुलाचं लग्न ठरलं म्हणून. ती कांदिवलीला चालली होती. पुढे फोन करू, भेटू, असं वहिनी म्हणाल्या खऱ्या, पण ते राहूनच गेलं. ती निघाली त्या सकाळी भाऊ तिच्या बरण्यांची एक पिशवी घेऊन खाली उतरले. वहिनींनी लाडू दिले होते, तेही कागदात. "डबा काही मी देणार नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं, "शालू देऊन कमावलाय तो."

टेम्पोत सामान चढलं. अनुपमाच्या गळ्यात ती कुकरच्या रिंगची हसळी होती. भाऊंनी पिशवी तिच्या हातात दिली आणि तिथेच उभे राहिले.

"भाऊ, पाकिटं टाकू नका हां," ती म्हणाली.

"नाही टाकत. बरण्या मांडीवर घे, खाली ठेवू नकोस."

"घेते. वहिनींच्या रात्रीच्या गोळीची वेगळी ठेवा. तिची घरं मोठी आहेत."

"बरं," भाऊ म्हणाले. "सावकाश जा."